हलकी चाकं घ्यावीत का? २९ ची हार्डटेल, बजेट २५ हजार, घाट, काळी माती आणि सराटे

बालाघाटी_पायडल

राम राम मंडळी. वर्षभर नुसतं वाचायलो होतो, आज पहिल्यांदा धागा काढायलोय. चूकभूल सांभाळून घ्या.

सायकल हार्डटेल (शॉकअप फक्त पुढं), २९ इंची चाकांची, तीन वर्षं वापरलेली. मी ८४ किलो, सायकल १४ किलो २०० ग्रॅम. हे वजन मोंढ्यात आडतीच्या काट्यावर केलंय. मुनीमजी म्हणाले, "ओलावा कमी दिसायलाय, चांगला भाव येईल."

रविवारी बीडजवळचा मांजरसुंब्याचा घाट नाहीतर कपिलधारकडची मुरमाड गाडीवाट. महिन्यातून एकदा संभाजीनगरला भावाकडं जातो तेव्हा दौलताबाद घाट, खुलताबाद, म्हैसमाळ. दिवाळीपर्यंत म्हैसमाळ जरा माणसात चढायचाय. आमच्यातल्या एकानं कार्बनची चाकं टाकली आणि गडी दिसायचाच बंद झाला. आता मलाही तेच सुचायलंय.

दोन पर्याय समोर आहेत. एक, ओळखीतल्याची वापरलेली कार्बन चाकं, जोडी १४५० ग्रॅम, २४ स्पोकची, २४ हजारात. दुसरा, चांगल्या अलॉय (अॅल्युमिनियमच्या) रिंगा आणून हब (चाकाचा मधला भाग) आणि स्पोक घेऊन भरून घ्यायच्या. काय करू?

आडमुठा

८४ चे ८० करा. चार किलो फुकटात.

बालाघाटी_पायडल

आखाड चाललाय भाऊ. श्रावणात बघू.

छर्रा_बेअरिंग

पैसे काढायच्या आधी ही माहिती द्या, नाहीतर सगळे हवेत गोळ्या मारतील.

मागचा एक्सल (चाकाच्या मधला दांडा) कोणता, किती मिलिमीटरचा? हार्डटेलमध्ये जुनी क्विक रिलीजची (खटक्यानं आवळायची) १३५, थ्रू एक्सलची (आरपार जाड दांडा) १२×१४२, बूस्टची (त्याहून रुंद) १२×१४८ आणि मध्येच एक विचित्र १४१ ची क्विक रिलीज, एवढे प्रकार फिरायलेत. पुढं १०० की ११०, तेही बघा. चिमट्यात सहा मिलिमीटर कमी-जास्त असले की चाक बसत नाही, आणि "अडॅप्टर टाकून घेऊ" हे सगळ्यालाच लागू होत नाही. मी स्वतः एका साइटवरून १४२ चं चाक मागवलं होतं, फ्रेम निघाली १४८ ची. परत पाठवायचा खर्च वाचून चाक दोन वर्षं माळ्यावर ठेवलं.

फ्रीहब, म्हणजे कॅसेट (मागच्या दात्यांचा गठ्ठा) ज्याच्यावर बसते तो भाग, कोणता? कॅसेटचा सगळ्यात छोटा दाता ११ चा असेल तर बहुतेक जुना एचजी. १० चा असेल तर शिमानोला मायक्रो स्प्लाइन आणि श्रॅमला एक्सडी लागतो. म्हणजे श्रॅमची ११-५० एचजीवर बसते, १०-५२ बसत नाही. शिमानोमध्ये अकरा स्पीडची ११-५१ एचजीवर, बारा स्पीडची १०-५१ मायक्रो स्प्लाइनवर. ओळखीतल्याच्या चाकाला एक्सडी असेल तर २४ हजारावर कॅसेटचा खर्च वेगळा धरा, आणि ती कॅसेट स्वस्त नसते.

ब्रेकची डिस्क सहा बोल्टची की सेंटरलॉक (मधल्या एकाच रिंगनटानं आवळायची)? सेंटरलॉक हबवर सहा बोल्टची डिस्क अडॅप्टरनं बसते. उलटं जमत नाही.

आणि सध्याची चाकं नेमकी किती वजनाची आहेत? त्यावर तुम्ही काहीच लिहिलं नाही. घरात काय आहे ते न मोजता हलकं काय घेणार?

सुलीभंजन_२९

इतका विचार करायचा नसतो राव. कार्बन घ्या. मी १५०० ग्रॅमची जोडी टाकली तेव्हा सायकल बदलल्यासारखी वाटली. गोगाबाबा टेकडीवर विद्यापीठाच्या अंगानं चढताना पुढचं चाक आपोआप दगडावर जायला लागलं. हे कागदावर मांडता येत नाही, बसून बघावं लागतं.

बालाघाटी_पायडल

छर्राभाऊ, शाळेतल्यासारखं कान धरलात. मोजून आलो. मोंढ्याचा काटा पन्नास ग्रॅमखाली बोलत नाही, म्हणून किराणावाल्याचा मसाल्याचा काटा वापरला. पोरं जमली होती बघायला.

मागं १२×१४८, पुढं १५×११०. कॅसेट श्रॅमची ११-५०, म्हणजे एचजी. सहा बोल्ट. कॅसेट आणि डिस्क काढून पुढचं नुसतं चाक ११२०, मागचं १४३०. टायर तारेचे (कडेला तार, घडी होत नाही), २९×२.२५, एक ८६५ आणि एक ८८०. ट्यूब २२५ आणि २३०. रिंगेवर ६२२×२५ कोरलंय आणि ट्यूबलेस (बिनट्यूबची) चालते असं लिहिलंय.

ओळखीतल्याच्या चाकाला एक्सडीच आहे. फोन करून विचारलं तर म्हणाला, "हां, ते सांगायचं राहिलं."

परभणीचे_सर

आकडे आले, आता बोलता येईल.

चाकं २५५०, टायर १७४५, ट्यूबा ४५५. मिळून ४७५० ग्रॅम. यातले टायर आणि ट्यूब अगदी कडेला फिरतात. हब मध्यभागी आहे, त्याचं वजन फिरण्याच्या हिशोबात जवळपास नाहीच. म्हणून कोणी "हब ८० ग्रॅमनं हलका" असं सांगितलं तर ते फक्त वजन आहे, चाकाचं वजन नाही. कॅसेटचंही तेच.

"चाकावरचं वजन दुप्पट मोजायचं" असं सायकलवाले म्हणतात. ते खरं आहे, पण वेग वाढवतानाच, आणि वजन अगदी कडेला असेल तरच. सरळ रेषेत जाण्याची ऊर्जा अधिक फिरण्याची ऊर्जा, म्हणून दुप्पट. एकसारख्या वेगानं घाट चढताना मात्र चाकावरचे सातशे ग्रॅम आणि पाठीवरच्या पिशवीतले सातशे ग्रॅम सारखेच.

आता गणित करू. समजा चाकांवर ७०० ग्रॅम वाचवले. चढ ३०० मीटर उभा धरला आणि पायात २०० वॉट धरले, तर वाचलेलं काम साधारण २०५० ज्यूल, म्हणजे दहा सेकंद. अर्ध्या-पाऊण तासाच्या चढात दहा सेकंद! वेग पकडायचं बघायचं असेल तर थांबल्यापासून ताशी २० पर्यंत जायला तुम्ही, सायकल मिळून १५०० ज्यूलच्या वर लागतात. त्यात हे ७०० ग्रॅम सगळे रिंगेच्या कडेला होते असं मानलं तरी २२ ज्यूल वाचतात.

उलट दगड-मुरमावर टायरच्या घर्षणात दहा-पंधरा वॉटचा फरक एका टायरपासून दुसऱ्यापर्यंत सहज पडतो. तो पूर्ण चढभर पडतो. तुमचा पुढं गेलेला मित्र चाकामुळं पुढं गेला का, हे एकदा चाकं अदलाबदल करून बघा.

सुलीभंजन_२९

सर, तुमचं गणित डांबरी घाटाचं आहे. ट्रेलवर माणूस मिनिटाला दहादा थांबतो आणि दहादा उचलतो. पुढचं चाक उचलणं, वळणात वाकवणं, हे तुमच्या सूत्रात कुठंय?

परभणीचे_सर

बरोबर. ते सूत्रात नाही. हाताला कळतं, हे मान्य. मी फक्त म्हैसमाळच्या चढाचं म्हणालो, कारण धागाकर्त्यानं तेच विचारलंय.

गोदाकाठची

कार्बन दीड वर्ष वापरते आहे म्हणून लिहिते. माझं वजन ५३ किलो, चाकं २८ स्पोकची, १४८० ग्रॅम. माहूरच्या चढांवर आणि किनवटच्या जंगलवाटांवर मजा येते, खोटं कशाला बोलू. पण ८४ किलोच्या दादांनी २४ स्पोकची घ्यावीत असं मला वाटत नाही. घेणाऱ्याचं वजन न विचारता सगळे चाकाचंच वजन विचारतात.

माझ्या चाकांना सरळ मानेचे (हबमध्ये न वाकता बसणारे) स्पोक आहेत, वाकड्या मानेचे नाहीत. किनवटकडं फांदी अडकून मागचा एक तुटला. नांदेडमध्ये तसा एकाकडेही नव्हता, पुण्याहून यायला अकरा दिवस लागले. तेवढे दिवस मी शेजारच्या मुलाच्या सायकलीवर फिरले, जिची घंटा सोडून सगळं वाजत होतं.

छर्रा_बेअरिंग

ताईंचा मुद्दा लाख मोलाचा. वाकड्या मानेचे, ३२ भोकांचे, बस्स. हब घेताना बेअरिंगचा नंबर बघा. ६९०२, ६९०३, ६००१ असले नंबर असतील तर बेअरिंगच्या दुकानात मिळतात, सायकलवाल्याकडं जायची गरज नाही. आमच्याकडं वाळूज-चिकलठाण्यामुळं गल्लोगल्ली बेअरिंगवाले आहेत, नंबर सांगितला की दोन मिनिटांत. २आरएस म्हणून मागा, दोन्ही बाजूंनी रबरी सील येतं.

आणि पावसाळ्यात राइड झाली की गाडी धुण्याच्या प्रेशरखाली सायकल धरू नका. सीलमधून पाणी आत जातं, ग्रीस बाहेर येतं, आणि माणूस म्हणतो हब खराब निघाला.

आडमुठा

काळ्या रानात एकदा घालून बघा. १४५० ग्रॅमचं चाक एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत तीन किलोचं होतं. वर चिमट्यात अडकून फिरायचंच बंद. मग कसलं कार्बन न कसलं काय, डोक्यावर घ्या न् चला.

बालाघाटी_पायडल

गेल्या रविवारीच झालंय. नाळवंडीकडं पांदणीत शिरलो, बोरीची काडी घेऊन अर्धा तास चिखल खरवडायलो होतो. एक म्हातारे बाबा थांबले, "कामून उचलून न्यायलास, ती तर गाडीय ना?"

बरं, कार्बन बाद. आता दुसऱ्या पर्यायावर बोला. आणि ट्यूबलेस करू का? इकडं सराटे लई. गेल्या दसऱ्याला एका राइडमध्ये चार पंक्चर झालेत.

परभणीचे_सर

ट्यूबलेस आधी करा, चाकं नंतर. तुमची रिंग चालते म्हणताय. तारेचे टायर काढून घडीचे टाका, २९×२.२५ मध्ये सातशेच्या आतबाहेर मिळतात. टायरमध्ये साडेतीनशे वाचले. ट्यूबा ४५५ गेल्या, त्याऐवजी दोन्ही चाकांत मिळून सीलंट (भोक बुजवणारं पातळ द्रव), टेप, व्हॉल्व्ह असे अडीचशेच्या आसपास आले. एकूण साडेपाचशे, सगळे अगदी कडेचे, आणि खर्च नव्या चाकांच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. शिवाय हवा कमी ठेवता येते.

छर्रा_बेअरिंग

सीलंट एका चाकात १०० ते १२० मिली. बाटलीवर कमी लिहिलेलं असतं, आपण मराठवाड्यात आहोत हे बाटलीवाल्याला माहीत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ वर गेला की दीड-दोन महिन्यांत आतलं सीलंट वाळून रबराची गोळी होते. चाक कानाजवळ हलवायचं, डबडब आवाज आला नाही तर भरायचं. सायकल पत्र्याच्या शेडमध्ये ठेवत असाल तर अजून लवकर.

सराटा काढून टाकला तरी सीलंट बुजवतं. बाभळीचा लांब काटा मात्र घरी येईपर्यंत काढू नका, आत राहू द्या. वेड्या बाभळीचा काटा बाजूच्या पातळ भिंतीत घुसला तर सीलंटही हात टेकतं. एक ट्यूब जवळ ठेवाच. आता टीपीयूच्या (पातळ प्लास्टिकच्या) ट्यूबा मिळतात, शंभर ग्रॅमच्या आत, खिशात मावतात. त्या ट्यूबलेसऐवजी रोज वापरणारेही आहेत, पण आपल्या काट्यांत मी नाही वापरणार.

हवा: ८४ किलोला ट्यूबलेसमध्ये पुढं २१-२२, मागं २४-२५ पीएसआयपासून सुरू करा. दगडाला रिंग लागल्याचा 'टण्' आवाज आला तर दोन वाढवा. आपला काळा दगड कडेला धारदार असतो. अलॉय रिंग वाकली तर पान्यानं थोडीफार सरळ होते, कार्बनला चीर गेली की विषय संपला.

रिंगवाला_लातूर

उशिरा आलो, दुकानात सीझन होता. वडिलांपासून रिंगा भरलालो, त्यामुळं दोन शब्द जास्त बोलतो, राग मानू नका.

हलकं चाक म्हणजे हलकी रिंग असं गिऱ्हाईक समजतं. चाक टिकतं ते ताणावर. मशीनवर भरलेल्या स्वस्तातल्या चाकात मी रोज बघतो, एक स्पोक सतारीच्या तारेसारखा अन् शेजारचा सुतळीसारखा. असल्या चाकातला ढिला स्पोक दर फेऱ्याला ढिला-ताठ होतो, अन् वर्षभरात मानेजवळ तुटतो. गिऱ्हाईक म्हणतं स्पोक खराब. स्पोक खराब नसतो, तो एकटाच राबत असतो.

तुमच्यासाठी मी असं करीन. ३२ भोकं, तीन आडव्या, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या तीन स्पोकांना ओलांडून जातो. स्पोक दोन्ही टोकांना दोन मिलिमीटर, मध्ये १.८. जाडीतला एवढाच फरक, पण ६४ स्पोकांत साठ-पासष्ट ग्रॅम वाचतात. वर मधला भाग थोडा ताणला जातो, त्यामुळं दगडाचा दणका मानेवर येत नाही, वाटला जातो. म्हणून पातळ स्पोक जाड्यापेक्षा जास्त टिकतो, हे वडिलांनाही आधी पटत नव्हतं. मध्ये १.५ वालेही येतात. वजन अजून उतरतं, पण भरताना पिळ खातात, अन् तुमच्या वजनाला मी देणार नाही.

निपल (स्पोकच्या टोकाचे नट) पितळेचे. अॅल्युमिनियमचे घेतले तर चाळीसेक ग्रॅम वाचतील, पण दोन पावसाळ्यांनी चावी लावली की कोपरे गोल होतात. पितळ घ्या, मला आशीर्वाद द्याल.

मागं गिअरच्या बाजूचा ताण ११०-१२० किलोच्या आसपास ठेवायचा, दुसऱ्या बाजूला तो कमीच राहणार, कारण कॅसेटमुळं गिअरच्या बाजूचे स्पोक जास्त उभे असतात. भरून झालं की दोन-दोन स्पोक मुठीत धरून करकचून दाबायचे. कुरकुर आवाज येतो, पिळ सुटतो. मग परत आऊट (चाकाची डगमग) काढायचा. हे तीनदा. हे न करता दिलेलं चाक पहिल्याच राइडला आऊट होतं.

रिंग आतून ३० मिलिमीटर घ्या. पुढं २.४ चा टायर टाकावा वाटला तरी चालेल. आणि स्पोक विकत घेऊन येऊ नका! हब आणि रिंग हातात आल्यावर मी स्वतः मोजतो, मग लांबी काढतो. दोन मिलिमीटर चुकलं की एकतर निपलमध्ये पुरत नाही, नाहीतर रिंगेच्या आत टोक वर येतं.

सुलीभंजन_२९

मास्तर, कार्बनवाले भरता का?

रिंगवाला_लातूर

भरतो. पण त्यातही निपल पितळेचेच. कार्बन अन् अॅल्युमिनियम एकमेकाला लागून ओले राहिले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

आडमुठा

श्रावण लागला. ८० झाले का?

बालाघाटी_पायडल

८५.

*(दिवाळीनंतर)*

बालाघाटी_पायडल

धागा वर काढायलोय. ज्यांनी एवढं लिहिलं त्यांना काय झालं ते सांगायला पाहिजे.

गणपतीत टायर घडीचे टाकले, ट्यूबलेस केलं. पंपानं टायर बसेना, शेवटी ट्रकच्या पंक्चरवाल्याकडं गेलो. त्यानं व्हॉल्व्हची सुई काढून हवा सोडली आणि 'फट् फट्' करत टायर बसला. त्याचा प्रश्न, "ट्यूब राहिली ना बाहेर?" समजावून सांगितलं, तरी पैसे देताना परत विचारलं.

त्यानंतर खुलताबादहून म्हैसमाळ माथ्यापर्यंत ४८ मिनिटं. आधीची चांगल्यातली चांगली वेळ ५२ होती. वारा सारखा नव्हता, हे सर विचारायच्या आत सांगतो.

मग दसऱ्याला लातूरला जाऊन चाकं भरून आणली. ३२ भोकं, ३० ची रिंग, मास्तर म्हणाले तसंच सगळं. पुढचं ८७५, मागचं १०२०. म्हणजे २५५० चे १८९५ झाले. एकूण खर्च टायरसकट २७ हजार चारशे, घरी २२ सांगितलेत.

म्हैसमाळ: ४७ मिनिटं ४० सेकंद. सर, हसू नका.

पण सुलीभंजनभाऊंचंही खोटं नाही. मांजरसुंब्याच्या खालच्या दगडी वाटेवर फरक वाटायलाय. जुन्या हबला एका फेऱ्यात २४ टिकटिक होत्या, नव्याला ५४ आहेत. दगडावर अर्धा पायडल मारून थांबलो तरी पुढचा अर्धा लगेच लागतो, आधी पाय पोकळीत जायचा. हे वजनामुळं नाही, हबमुळं आहे. पैसे वजनासाठी दिले आणि मजा भलतीकडूनच आली.

आणखी एक. सराट्यांनी भरलेल्या वाटेवरून गेलो, घरी येऊन पुढच्या टायरमधून सतरा काढले. हवा दोन पीएसआयनं उतरली होती, बस्स.

परभणीचे_सर

हसलो नाही. फक्त वीस सेकंदांतले दहा माझे, उरलेले दहा वाऱ्याचे, एवढं नोंदवतो.

गोदाकाठची

अभिनंदन दादा. एक काम करा, स्पोकच्या लांब्या मास्तरांकडून लिहून घेतल्यात का? मी घेतल्या नव्हत्या, अकरा दिवस त्याचेच गेले.

बालाघाटी_पायडल

घेतल्यात ताई. पुढं-मागं मिळून दोनच मापं निघाली, २९० आणि २९२. प्रत्येकी दोन जास्तीचे मास्तरांनी दिलेत, निपलसकट. पेपरात गुंडाळून सीटपोस्टच्या नळीत सरकवलेत आणि तोंडाला कापसाचा बोळा घातलाय, खडखड करू नये म्हणून.